गांभीर्य: मध्यम

दिवसभर भिंतींना धडका मारणं हा माझा धंदा आहे. थट्टा नाही करत. मी एका मोठ्या कंपनीत व्हिडिओ गेम तपासते, चौथ्या मजल्यावर, जिथल्या खिडक्या उघडत नाहीत. पडद्यावरच्या शूरवीराला भिंतीपाशी न्यायचं आणि तो भिंतीत घुसतो का ते बघायचं. नाही घुसला की तलवार उपसून धडकायचं. मग उडी मारून. मग पाठमोरं. मग पुढची भिंत. गेल्या गेममधल्या किल्ल्याला नऊशे भिंती होत्या, आणि मी एकूणएक तपासल्या.

लोकांना वाटतं, काय चैन आहे, दिवसभर खेळायचं आणि वर पगार! आमच्या मावशीला तर अजून वाटतं की मला नोकरीच नाही. अशा सगळ्यांना मी एकदा माझ्या खुर्चीत आठवडाभर बसवणार आहे.

ऑफिसात मला 'भिंग' म्हणतात, कारण माझ्या नजरेतून काही सुटत नाही. बारा वर्षांत शोधलेल्या प्रत्येक चुकीची मी रीतसर नोंद केली आहे: काय व्हायला हवं, काय होतं, कितीदा होतं, गांभीर्य किती. आणि त्या नोंदींचं पुढे काय होतं? प्रॉडक्शनचे साहेब त्यावर तीनपैकी एक शेरा मारतात. 'माहीत आहे.' 'नंतर बघू.' आणि तिसरा, ज्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते: 'हे असंच हवं आहे.' गेल्या गेममध्ये राणीचं डोकं धडापासून वीतभर वर तरंगत होतं. मी लिहून दिलं, फोटो जोडले. शेरा आला, हे असंच हवं आहे. गेम बाजारात आला, जगभर हसं झालं, आणि लोकांनी काय विचारलं? टेस्टर झोपले होते का? साहेबांनी हात वर केले आणि सगळं खापर आमच्या मजल्यावर फुटलं. त्याच महिन्यात कंपनीनं विक्रमी विक्रीचं अभिनंदन करणारं पत्र सगळ्यांना पाठवलं आणि पुढच्या सोमवारी आमच्यातल्या निम्म्या लोकांना घरी पाठवलं.

हा सगळा उद्योगच तसला झाला आहे. गेम विकत घ्या, पण तो तुमचा नाही. कंपनीला कंटाळा आला की ती तिकडून बटण बंद करणार आणि तुमच्या हातात रिकामा डबा. एकट्यानं खेळायचा गेम, पण इंटरनेट हवंच. गोष्टीचा अर्धा भाग आता, अर्धा सहा महिन्यांनी, वेगळे पैसे देऊन. नायकाला नवा कोट हवा? टाका पैसे. पहिल्या दिवशी गेम सुरू करायला जावं, तर आधी सगळा गेमच पुन्हा उतरवून घ्यावा लागतो, एवढ्या दुरुस्त्या! म्हणजे आम्ही महिनोन्महिने ओरडत होतो ते खरं होतं तर. नकाशावर दोनशे खुणा, आणि प्रत्येक खुणेपाशी तेच तीन दरोडेखोर. यात कोणाचा जीव रमतो, मला माहीत नाही. माझा तरी नाही.

मग मी घरी येऊन छोटे गेम खेळते, दोघातिघांनी खोलीत बसून केलेले. त्यांच्यावरही माझा कमी राग नाही, उगीच गैरसमज नको. निम्मे जण 'हृदयाला हात घालणारा अनुभव' म्हणून पियानो वाजवत ठेवतात आणि मागे काहीच नसतं. काही जण अर्धाकच्चा गेम विकतात आणि उरलेला करतो म्हणून गायब होतात. पण शंभरात एखादा असा निघतो की त्यात एक माणूस दिसतो. कुणीतरी जागा राहून, हट्टानं, साहेबाला न विचारता केलेलं काहीतरी. त्या एकासाठी मी बाकीचे नव्व्याण्णव सहन करते.

माझा धाकटा भाऊ असाच एक गेम करत होता. त्याला घरात सगळे 'धाकटा' म्हणतात, मीही. आधी तो एका लहान कंपनीत नकाशे काढायचा. ती कंपनी एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली, 'आता तुम्ही आमच्या कुटुंबात' म्हणाली आणि आठ महिन्यांत टाळं ठोकलं. तेव्हापासून हा घरी. सकाळी चार तास एका दवाखान्याची वेबसाइट सांभाळायचा आणि उरलेला दिवस गेम. पाच वर्षं. केस पांढरे व्हायला लागले त्याचे.

गेमचं नाव 'चढ'. एक म्हातारा घड्याळजी आणि त्याची मुलगी. पायऱ्यापायऱ्यांचं एक गाव. दुरुस्त केलेली घड्याळं पिशवीत घालून दोघांनी घरोघरी पोचवायची. मुलगी आपण चालवायची, म्हातारा बरोबर चालतो. शत्रू नाही, तलवार नाही, बस्स.

रिलीजच्या महिनाभर आधी तो माझ्या खोलीत आला. दारातच उभा राहिला.

"ताई, खेळून बघ ना. सांग कसा वाटतो."

मी तीन दिवस रजा टाकली. माझ्या भावाचा गेम, म्हणजे मी जिवाचं रान करणारच होते. प्रत्येक पायरीवर उड्या मारल्या, प्रत्येक दाराला धडकले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला यादी पाठवली. दोनशे चौदा चुका. एकेकीला क्रमांक, गांभीर्य, सगळं आमच्या ऑफिसच्या नमुन्यात.

रात्री जेवताना त्यानं विचारलं, "पण वाटला कसा?"

"यादी पाठवली आहे की," मी म्हटलं आणि साहेबांबद्दल बोलायला लागले.

यादीत क्रमांक एकसष्ट असा होता, माझ्याच शब्दांत: 'म्हातारा चालता चालता काही कारण नसताना थांबतो. दुकानाच्या काचेकडे किंवा भिंतीकडे बघत उभा राहतो. खेळणाऱ्याचा खोळंबा होतो. कितीदा: दर चढावर. अपेक्षित: म्हाताऱ्यानं सतत मुलीबरोबर चालावं. गांभीर्य: मध्यम.'

धाकटा महिनाभर त्या यादीला जुंपला. रोज संध्याकाळी सांगायचा, आज अकरा संपल्या, आज सात. मी खूश होते. खोटं कशाला बोलू, फार खूश होते. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझी यादी वरपासून खालपर्यंत वाचत होतं. मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं की बघा, एकटा माणूस करतो, आणि तुमचे चारशे जण पाट्या टाकतात.

रिलीज रविवारी होता, संध्याकाळी पाचला. सकाळी जेवणाआधी आम्ही तिघं त्याच्या खोलीत जमलो. शेवटचं एकदा बघावं म्हणून कंट्रोलर त्यानं माझ्या हातात दिला. आई नेहमीप्रमाणे पलंगावर, पाय वर घेऊन, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत. आईला टीव्हीचा रिमोट धड चालवता येत नाही. पण पाच वर्षं ती दुपारी त्याच्या मागे बसून हा गेम बघत आली होती, मालिका बघावी तशी. गेला महिनाभर मात्र तो दार लावून बसला होता.

मी मुलीला चढावर घेतलं. म्हातारा बाजूनं चालत होता, गुळगुळीत, कुठे अडखळणं नाही. इतकं साफ काम आमच्या कंपनीत कुणाला जमलं नसतं. मी तसं म्हटलंसुद्धा.

"अरे, हे थांबत का नाहीत?" आईनं विचारलं.

"कोण?"

"हे घड्याळवाले. मघापासून नुसते चालतायत. केवढा चढ आहे तो."

धाकटा कीबोर्डवरची धूळ पुसायला लागला.

"आधी थांबायचे की," आई म्हणाली. "दुकानापाशी थांबायचे, काचेत बघायचे, मग निघायचे. तुमचे बाबा थांबायचे तसे."

माझा अंगठा बटणावरच राहिला. पडद्यावर मुलगी एका भिंतीला टेकून जागच्या जागी चालत राहिली.

आमचे बाबा छापखान्यात पुस्तकं बांधायचे. शेवटच्या दीड वर्षात त्यांची फुप्फुसं गेली होती, आणि डॉक्टरांनी रोज संध्याकाळी थोडं चालायला सांगितलं होतं. बाबांनी 'दम लागला' असं एकदाही म्हटलं नाही. ते थांबायचे आणि समोर जे असेल ते मन लावून बघायचे. चपला, बादल्या, कुलपं. एकदा बायकांच्या ब्लाउजच्या दुकानापाशी दहा मिनिटं उभे होते म्हणून आईनं त्यांना आठवडाभर चिडवलं होतं. श्वास परत आला की म्हणायचे, "चला, फार महाग आहे इथे."

धाकटा त्यांना रोज न्यायचा. मी किती वेळा गेले? चार. फार तर पाच. त्या वर्षी आमचा एक गेम संपत आला होता आणि आम्ही सुट्टीच्या दिवशीसुद्धा भिंती तपासत होतो. तो गेम आता चालतही नाही, कंपनीनं कधीच बंद केला. त्या चारपाच वेळांपैकी एकदा बाबा नळांच्या दुकानापाशी थांबले. माझ्या हातात फोन होता, साहेबांचे निरोप येत होते. मी म्हटलं, "बाबा, चला ना, नळ काय बघताय?" ते म्हणाले, "हो हो, चल." आणि चालायला लागले, श्वास परत न येताच.

मला तेव्हा कळलं नव्हतं, आणि पडद्यावर बघूनही कळलं नाही. काही कारण नसताना थांबतो. हे मी लिहिलं होतं. नऊशे भिंतींतली फट जिला दिसते, तिला आपला बाप दिसला नाही.

मी धाकट्यावर भडकले. दुसरं मला काही येतही नाही.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार?"

"हेच! की ते बाबा आहेत!"

"सांगून काय उपयोग होता, ताई? मला बघायचं होतं, न सांगता कळतं का. वाटलं, तुलाच नाही कळलं तर बाहेरच्याला काय कळणार."

"मी मूर्ख आहे म्हणून तू काढून टाकलंस? चार ओळी लिहायच्यास मला! हे असंच हवं आहे म्हणून लिहायचंस!"

तो हसला. अगदी थोडंसं, आणि त्यात थट्टा नव्हती.

"ते वाक्य वाचून तुझं काय होतं ते मला माहीत नाही होय? रोज जेवताना ऐकतो. म्हटलं, एकदा तरी कुणीतरी तुझं सगळं ऐकावं. एकही नोंद परत न पाठवता."

मला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला. मी कंट्रोलर गादीवर फेकला. आईनं तो उचलून कपड्यांच्या घडीवर नीट ठेवला.

"परत घाल," मी म्हटलं.

"घालीन. पण महिना तरी जाईल. थांबायची प्रत्येक जागा हातानं बसवली होती, आणि तुझ्या यादीप्रमाणे सगळे रस्ते रुंद केलेत. ती दुकानंच आता तिथे नाहीत."

"जुनी प्रत ठेवली असशील ना?"

"ठेवली आहे. पण ती तुझ्या यादीच्या आधीची आहे. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा चुका आहेत त्यात."

"ती लाव."

त्यानं खुर्ची फिरवून माझ्याकडे बघितलं. बारा वर्षं मी या घरात एकच तक्रार केली होती, की चुका माहीत असून हे लोक गेम विकतात, लाज कशी वाटत नाही यांना. आई घडी घालायची थांबली.

"वेड लागलंय का तुला?" धाकटा म्हणाला. "पुलावर दोघं नदीत पडतात त्यात. दर दोन वेळांत एकदा. गांभीर्य: भयंकर, तूच लिहिलंस. लोक शिव्या घालतील."

"घालू देत. शेवटी नावं येतात ना, तिथे तपासणीपुढे माझं नाव टाक. पूर्ण नाव. मला घालू देत शिव्या."

"ताई, ऐक..."

"मी कुणाचंही ऐकणार नाही. पाच वाजता ती प्रत जाऊ दे. मग महिनाभर दोघं बसू आणि एकेक चूक काढू, एकसष्ट सोडून."

तो माऊसवर हात ठेवून नुसता पडद्याकडे बघत बसला.

"ते नदीत पडले की काय होतं रे?" आईनं विचारलं.

"काही नाही. परत खालून, पहिल्या पायरीपासून यायचं. दोघांनी."

"मग पडू देत की," आई म्हणाली. "तेवढंच जास्त चालतील बरोबर."