एकोणिसावा खिसा

वर्गाच्या दारामागे टांगलेल्या निळ्या कापडाला अठ्ठावीस खिसे होते. रुलीननं वरच्या ओळीपासून बोट फिरवत मोजलं. सत्तावीस फोन, एक खिसा रिकामा. एकोणिसावा. तो वर्षभर रिकामाच असे, तरी मोजताना तिचं बोट तिथे क्षणभर थांबे.

"फेन्नाचा," मागून सीत्से म्हणाला. "मधुमेहासाठी फोन लागतो, सवलत आहे तिला. रोज काय मोजतेस?"

"सवलत आहे ते माहीत आहे मला. पुढच्या मंगळवारी तिचा फोन चालू राहिलेला चालेल का, तेवढं सांग. तुझ्या तबकड्यांना."

सीत्से पदार्थविज्ञान शिकवायचा, रुलीन इतिहास. पुढच्या मंगळवारी दोघं मिळून पंधरा वर्षांच्या या अठ्ठावीस मुलांना सायकलींवरून वेस्टरबोर्कला नेणार होती. दुसऱ्या महायुद्धात नाझी देशभरातल्या ज्यू माणसांना पकडून आधी तिथल्या छावणीत कोंडत आणि मग आगगाडीत भरून पूर्वेकडे, मरायला, पाठवत. बराकी आता जवळजवळ उरलेल्या नाहीत. त्यांच्या जागेला लागून एका रांगेत चौदा रेडिओ-दुर्बिणी उभ्या आहेत, प्रत्येकीची तबकडी पंचवीस मीटर रुंद. त्यांना आकाशातलं फार क्षीण काही ऐकायचं असतं. म्हणून स्वागतकक्षाच्या इमारतीपासून पुढचे तीन किलोमीटर मोटारी नाहीत आणि मोबाइल बंद.

"विचारलं मी फोन करून," सीत्से म्हणाला. "तिथल्या बाई म्हणाल्या, औषधोपचाराचं यंत्र असेल तर खुशाल आणा, एका मुलीच्या यंत्रानं काही बिघडत नाही. सुटला तुझा प्रश्न. आता तिथे मला बोलायला लागणाऱ्या चाळीस मिनिटांचं बोल."

"वीस."

"अगं, चौदा दुर्बिणी आहेत!"

"आणि माझे एक लाख दोन हजार दगड आहेत. गेलेल्या माणसामागे एक."



"बरं, वीस," तो म्हणाला.

एक प्रश्न सुटला म्हणून रुलीनला बरं वाटायला हवं होतं. पण सहा आठवडे प्रश्नच सुटत होते आणि सहल काही जवळ येत नव्हती. पालकांच्या मेल रोज येत. पाऊस आला तर? इलेक्ट्रिक सायकल चालेल का? तिथल्या सँडविचमध्ये शेंगदाणे असतात का? एका आईनं लिहिलं होतं की तिचा मुलगा फार हळवा आहे, त्याला त्या दिवशी दुसऱ्या वर्गात बसवता येईल का. आणि त्याच मेलच्या शेवटी, तो आलाच तर उपाहारगृहात तळलेले बटाटे मिळतील ना. विभागप्रमुखांना मंगळवारच नको होता, मंगळवारी व्यायामशाळेचे दोन तास बुडत होते.

"गुरुवारी काय बिघडतं?" त्यांनी विचारलं होतं.

"मंगळवारच," रुलीन म्हणाली होती.

मंगळवारच का, हे त्यांनी विचारलं नाही. गाड्या मंगळवारी सुटायच्या, हे उत्तर तिनं तयार ठेवलं होतं. ते तसंच तिच्याकडे राहिलं.

आणि आता, परवानगी हातात आल्यावर, घोडं अडलं ते नेमकं फेन्नापाशी.

गुरुवारी शाळा सुटल्यावर फेन्ना आणि तिचे वडील वर्गात येऊन बसले. बाप, हिल्बर्ट, दुधाचा टँकर चालवायचा. पहाटे चारला उठून गोठ्यांवरून दूध गोळा करायचं आणि दुपारी डेअरीत ओतायचं. अंगाला अजून थंड हवेचा वास होता. रुलीननं कॉफी दिली, बिस्किटांचा डबा पुढे केला. प्रत्येकानं एक घेतलं, तिनं झाकण लावलं. फेन्नानं आपलं बिस्किट न खाता बशीत ठेवलं.

हिल्बर्टचा फोन टेबलावर होता. पडद्यावर एक आकडा: ७.४, शेजारी आडवा बाण. फेन्नाच्या दंडावर चिकटवलेली नाण्याएवढी चकती तिच्या रक्तातली साखर मोजून तिच्या फोनला सांगे आणि तो फोन बापाच्या फोनला. दर पाच मिनिटांनी. चार ते दहाच्या मध्ये असेल तर ठीक.

"तर झालं की काम," हिल्बर्ट म्हणाला. "सर म्हणाले, परवानगी आहे."

"मला नकोय परवानगी," फेन्ना म्हणाली.

"ऐका! लोक परवानगीसाठी रडतात आणि ही बया बघा."

"बाबा, मस्करी नको. व्यायामशाळेत मला परवानगी. परीक्षेत परवानगी. सगळ्यांच्या आधी खायची परवानगी. तिथे सगळ्यांचे फोन बंद असणार. तिथेसुद्धा माझा एकटीचा चालू?"

"असू दे की. कोण बघतंय?"

"मी."

सीत्से खिडकीच्या कट्ट्यावर बसला होता. त्याला राहवलं नाही. "फोन बंद केलास तरी दंडावरची चकती बोलत राहणार, फेन्ना. तीही रेडिओच आहे."

"चकती दहा दिवस चालते, सर. ही मंगळवारी सकाळी संपते, मग काढायचीच आहे. नवीन संध्याकाळी लावेन. मधल्या वेळात बोटाला टोचून जुन्या यंत्रावर बघेन, आधी बघायचे तसं. त्या यंत्रात रेडिओ नाही." तिनं बिस्किटाची बशी थोडी बाजूला सरकवली. "मंगळवार पक्का झाल्यावर मी दिवस मोजूनच ही लावली."

सीत्सेनं रुलीनकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर, आपल्या विषयातला एखादा विद्यार्थी अचानक सापडल्यासारखा आनंद होता. रुलीनला मात्र त्या क्षणी फक्त एवढंच दिसलं की मिटलेला प्रश्न पुन्हा उघडला आहे.

"बाई," हिल्बर्ट म्हणाला. आता त्याच्या आवाजात मस्करी नव्हती. "सायकल चालवली की साखर उतरते, ठाऊक आहे ना तुम्हाला? नोव्हेंबरात ही शेतातल्या रस्त्यानं घरी येत होती. वारा समोरून. मी तिकडे कुणाच्या तरी गोठ्यावर नळी लावून उभा. आकडा चार, मग तीन पॉइंट चार, मग दोन पॉइंट नऊ. मी फोन करून ओरडलो, उतर, रस पी, बस तिथेच. बसली. आकडा नसता तर कालव्यात गेली असती पोरगी."

"तेव्हा एकटी होते मी," फेन्ना म्हणाली. "मंगळवारी अठ्ठावीस जण असणार."

"अठ्ठावीस जणांना काय कळतंय!"

"हिल्बर्ट, आम्ही दर अर्ध्या तासानं थांबू," रुलीन म्हणाली. "मी स्वतः उभी राहीन तिच्याजवळ."

"आणि पावसात थांबाल? गारठलेल्या बोटातून रक्त येत नाही, बाई. हे लिहिलंय का तुमच्या नियोजनात?"

रुलीननं हातातलं पेन टेबलावर ठेवलं, ठेवायचं होतं त्याहून जोरात.

"सहा आठवडे," ती म्हणाली, "सहा आठवडे मी रेनकोट, शेंगदाणे आणि तळलेल्या बटाट्यांबद्दल बोलते आहे. तिथे काय झालं, याबद्दल एका माणसानं एक शब्द विचारलेला नाही. तुम्हीही नाही."

सीत्से कट्ट्यावरून उतरला आणि उगाच खिडकीची कडी तपासू लागला.

"काय झालं ते माहीत आहे की सगळ्यांना," हिल्बर्ट म्हणाला. तो रागावलेला दिसत नव्हता. "मीही गेलो होतो शाळेतून. डबा खाल्ला, फोटो काढला, परत आलो. पण तेव्हा माझ्या आईला माहीत होतं, पोरगा संध्याकाळी येणार. मला काय माहीत आहे? किती वेळ आत असाल तुम्ही?"

"तीन तास."

"तीन तास. माझं पोर तिकडे आत. कसं आहे, उभं आहे की पडलं आहे, मला काही कळायचं नाही. कुणाला विचारायचं, तेही नाही. आणि मी काय करायचं इकडे? कॉफी प्यायची?"

बाहेर सायकलींच्या शेडमध्ये कुणीतरी कुलूप आपटलं.

हिल्बर्टचा अंगठा फोनच्या कडेवरून फिरत होता. तो थांबला. त्यानं रुलीनकडे पाहिलं, मग तिच्यामागच्या फळ्याकडे. तिथे सकाळच्या तासाला तिनं काढलेली रेघ अजून पुसलेली नव्हती: डाव्या टोकाला वेस्टरबोर्क, उजव्या टोकाला पोलंड, मध्ये लहान लहान आडव्या काट्यांचा रूळ. तो बराच वेळ तिकडे बघत राहिला. मग त्यानं फोन उचलला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"मी येतो सोबत," तो म्हणाला. "आत."

"नाही, बाबा."

"मग त्या इमारतीपाशी थांबतो. तिथवर फोन चालतो ना?"

"तुमचा चालेल," सीत्से म्हणाला. "पण त्यावर काही येणार नाही."

"कळलं मला ते, सर. टँकर चालवतो, मठ्ठ नाही मी."

फेन्ना हसली. बशीतलं बिस्किट तिनं मोडलं आणि अर्धं बापाच्या बशीत टाकलं.

"फोन सांभाळायला मला कुणीतरी हवंच होतं," रुलीन म्हणाली.

मंगळवारी वारा समोरून होता. अर्ध्या वाटेवर एकाची ट्यूब पंक्चर झाली आणि सीत्सेनं ती रस्त्याकडेला बसून चिकटवली. तेवढ्यात तिघांनी डबे संपवले. हळवा म्हणून लिहून आलेला मुलगाही होता. तो सगळ्यांच्या पुढे, हात सोडून सायकल चालवत होता.

स्वागतकक्षाच्या इमारतीच्या दाराशी रुलीननं निळं कापड उलगडलं. मुलांनी फोन बंद करून एकेक खिशात टाकले. फेन्ना शेवटी आली. तिच्या दंडावर, चकती काढलेल्या जागी, फिकट गोल डाग होता. तिनं बटण दाबून धरलं, पडदा काळा होईपर्यंत थांबली आणि फोन एकोणिसाव्या खिशात ठेवला. रुलीननं मोजले. अठ्ठावीस.

हिल्बर्टनं कापडाची गुंडाळी छातीशी घेतली. "चला, निघा आता," तो म्हणाला. मुलीकडे त्यानं पाहिलं नाही.

आत, पहिल्या तबकडीखाली, सीत्सेनं सुरुवात केली. चंद्रावर कुणी मोबाइल चालू ठेवला तर या दुर्बिणींना तो आकाशातल्या सगळ्यात ठळक गोष्टींपैकी एक वाटेल, हे ऐकून मुलं हसली. मग त्यानं सांगितलं की या दुर्बिणी जे ऐकतात ते फार पूर्वी निघालेलं असतं, आणि इथे पोचेपर्यंत जिथून निघालं ती जागा उरलेली असेलच असं नाही. इथे तो अडखळला. त्याच्या वीस मिनिटांतली सात झाली होती.

"पुढचं बाई सांगतील," तो म्हणाला.

रुलीननं सहा आठवडे मनात घोळवलेली वाक्यं दगडांपाशी पोचल्यावर वापरली नाहीत. परत न आलेल्या प्रत्येकामागे एक दगड, एवढंच सांगितलं. विटेसारखे उभे दगड, काही बुटके, काही थोडे उंच, मैदानभर. मुलं काठाकाठानं पांगली. कुणीतरी सवयीनं खिशाकडे हात नेला आणि रिकामाच बाहेर काढला.

फेन्ना रुलीनजवळ आली. हात काखेत धरून ती बोटं गरम करत होती.

"बाई, इथून गेलेल्या लोकांच्या घरी कधी कळलं?"

वाऱ्यामुळे रुलीनला जरा मोठ्यानं बोलावं लागलं, आणि आजूबाजूची मुलं वळून ऐकू लागली.

"काहींच्या घरी एक-दोन वर्षांनी. काहींच्या घरी युद्ध संपल्यावर. तोवर वाट बघायची. बहुतेकांच्या घरी, कळवायला कुणी उरलंच नव्हतं."

फेन्नानं मान हलवली. मग तिनं साखर मोजायची डबी उघडली, बोटाला टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीला लावला. थेंब यायला वेळ लागला. आकडा तिनं एकटीनंच पाहिला. पिशवीतून केळं काढून ती उभ्यानं खाऊ लागली. रुलीन तिच्यापासून हलली नाही.

निघायची वेळ झाली तेव्हा मुलं निघेनात. रुलीननं दोनदा टाळी वाजवली. तिसऱ्यांदा वाजवली नाही. सीत्सेनं घड्याळाकडे बोट दाखवलं, तिनं मान फिरवली. तीन तासांचे पावणेचार झाले.

झाडांतून येणारा रस्ता जिथे संपतो तिथे हिल्बर्ट उभा होता. निळं कापड त्यानं गळ्यात अडकवलं होतं, सगळे खिसे पोटावर. मागे बाकावर कॉफीचा कप होता, काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली. पुढची मुलं त्याच्याजवळून गेली, कुणी आपला फोन मागितला, त्याला ऐकू गेलं नसावं. तो रस्त्याकडे बघत होता.

फेन्ना त्याच्यासमोर येऊन उतरली. सायकल स्टँडवर लावली. तिनं डबी उघडली, नवी पट्टी लावली आणि हात पुढे केला. त्यानं तिची बोटं आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळली. मग तिनं टोचलं. थेंब लगेच आला.

यंत्र पाच सेकंद घेतं. दोघांची डोकी त्यावर वाकली होती.

५.९.