‘पोचला’

धरणाचे दरवाजे उघडायचे असले, की वरून बिनतारी यंत्रावर निरोप येई. भोरच्या ठाण्यात तो निरोप सावळाराम घेई आणि खाली नदीकाठच्या भोंगवलीच्या चौकीवर रखमाजीनानांना सांगे; नाना गावाला सावध करत. नानांनी तो शब्दन् शब्द परत म्हणायचा, तो कानावर पडला की सावळारामने धरणाला ‘पोचला’ कळवायचं आणि मगच दरवाजे उघडायचे, असा नियम होता. सावळारामला तो निव्वळ वेळखाऊपणा वाटे. ठाण्याच्या साहेबांनी एकदा चारचौघांत त्याला सगळ्यांत जलद माणूस म्हटलं, तेव्हापासून तर स्वारीचे पाय जमिनीला लागेनात. निरोप सांगायचा, उत्तराची वाट न बघता ‘पोचला’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

घट बसायच्या आधी गावच्या बाया घरातल्या गोधड्या धुवायला नदीवर नेतात. सावळारामची आईही नेई, त्यामुळे त्याला हे सांगायला नको होतं. नेमका त्या धुण्याच्याच दिवशी पाणी सोडायचा निरोप आला. त्याने तो खाली सांगितला. खालून नुसती खरखर आली. त्याने धरणाला ‘पोचला’ कळवलं आणि चहा मागवला.

भोंगवलीला पाणी एकाएकी चढलं. गोधड्या वाहून गेल्याच, पण खडकावरून पळताना त्या बायांतल्या चंद्राबाईचा पाय मोडला.

दुसऱ्या दिवशी साहेब चौकशीला गावात आले, सावळारामला घेऊन. नानांनी त्याला बाजूला नेलं.

“खरं सांग, सावळाराम. म्या निरोप परत म्हनला व्हता का? मला तर काय बी आठवत न्हाई.”

खरं अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात साहेबांनी इकडे पाहिलं.

“व्हय नाना,” सावळाराम म्हणाला. “म्हनला व्हता तुमी.”

नानांना त्याच्यावर संशय आला नाही, आला तो स्वतःवर. सावळारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तोंड काही उघडलं नाही.

“मंग डोकंच चाललं म्हनायचं माजं,” नाना म्हणाले.

त्यांनी साहेबांपुढे चूक कबूल केली. मग चंद्राबाईच्या दारात जाऊन हात जोडले. “पोरी, निरोप आला व्हता. मीच सांगाया इसरलो.”

परतताना त्यांनी सावळारामच्या खांद्यावर हात ठेवला.

“हितनं पुढं माज्यावर जरा ध्यान ठेव बाबा. माजा आता भरवसा न्हाई.”

सावळारामने मान डोलावली.