दक्षिणमुखी

देवानंद साळवे यांनी तळ्याकाठचे घर पहिल्यांदा पाहिले ते १९९८ च्या मे महिन्यात, दुपारी साडेतीनला. ही वेळ त्यांनी मुद्दाम मागून घेतली होती. घर विकणारा नेहमी सकाळ सुचवतो. सकाळी वारा असतो, ऊन कोवळे असते आणि गारव्यात वास फारसा उठत नाही. मे महिन्यातल्या दुपारी मात्र कोणत्याही तळ्याला आपले पोट लपवता येत नाही.

तालुक्याच्या या गावात देवानंदसर एकोणीस वर्षे विज्ञान शिकवत होते, आणि त्यांपैकी अकरा वर्षे ते, सत्यशीला व मुलगी असे तिघे खालच्या आळीत दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होते. वरची आळी तळ्याला लागून होती. तिथल्या चौदा घरांच्या पाठभिंती थेट पाण्यात उतरलेल्या. त्यांपैकी एखादे घर विकायला निघणे, आणि निघालेच तर ते साळवे आडनावाच्या माणसाला दाखवले जाणे, या दोन्ही घटना दुर्मिळ. दोन्ही एकदम घडल्या म्हणजे घरात काहीतरी खोट असली पाहिजे, असे अनुमान सरांनी घराबाहेर पडण्यापूर्वीच काढले होते.

खोट ओसरीवरच कळली. मालक रामकिसनराव तक्क्याला टेकून बसले होते. दलाल बद्रीनाथ उभा होता.

"दार दक्षिणेला हाय, सर," रामकिसनराव म्हणाले. "लपवून काय करायचं? दोन सालं झाली. गिऱ्हाईक येतं, घर बघतं, चहा पितं, अन् दार कुठं हाय इचारून निघून जातं. औरंगाबादहून वास्तूवाला आणला व्हता. तो म्हणे, यमाची दिशा. घरातलं माणूस टिकणार न्हाई."

"तुम्ही किती वर्षं राहिलात?"

"माझा बाप नव्वदीत गेला याच घरात."

"मग यमाला पत्ता सापडायला बराच वेळ लागला म्हणायचा."

बद्रीनाथ हसला आणि रामकिसनरावांचा चेहरा पाहून थांबला. रामकिसनराव मात्र रागावले नव्हते. "ते तुम्ही म्हणा," ते म्हणाले. "म्हणूनच बद्रीला म्हणलं, सरांना इचार. तुम्हा लोकांत दिशाबिशा बघत न्हाईत म्हणे."

तुम्हा लोकांत. सरांनी हे दोन शब्द ऐकले, नोंदवले आणि पुढे गेले. त्यांना अशी नोंद करण्याचा सराव होता.

सत्यशीला तोवर आत गेली होती. घराच्या उत्तर टोकाला दहा बाय बाराची एक खोली होती आणि तिला पाण्याच्या अंगाला मोठी खिडकी होती. सर आत गेले तेव्हा ती गज धरून उभी होती. ओंजळ खाली नेली तर पाणी लागेल इतके तळे जवळ होते. तिच्या माहेरी तिची आई रिकामी घागर घेऊन विहिरीपासून दहा हातांवर बसून राहायची. कुणाच्या मनात येईल तेव्हा वरून पाणी ओतले जाई. लग्नाच्या एकवीस वर्षांत सत्यशीलाने ही गोष्ट एकदाच सांगितली होती, भेंडी चिरताना, आवाजात काहीही फरक न करता. भावनेला पुरावा मानू नये असे सरांचे मत होते. या एका बाबतीत त्यांनी अपवाद केला होता.

"इथं सैपाकघर करायचं," ती पाण्याकडे बघत म्हणाली.

घर घ्यायचे हे तिथेच ठरले. सरांनी केवळ शिस्त म्हणून एक प्रश्न विचारला: संडासाची टाकी कुठे आहे?

"टाकीची कटकटच ठेवली न्हाई," रामकिसनराव अभिमानाने म्हणाले. "बापानं बांधतानाच बराबर इचार केला व्हता. या, दाखवतो."

पूर्वेच्या बाजूला, या घराच्या आणि रामकिसनरावांच्या धाकट्या भावाच्या घराच्या मधून, चार फुटांचा सामायिक बोळ होता. त्या बोळाच्या टोकाशी, म्हणजे बरोबर ईशान्य कोपऱ्यात, उभे राहिले की पाठभिंत दिसत होती. भिंतीतून सहा इंची सिमेंटचा पाइप बाहेर आला होता. त्याच्या खालच्या ओठाला हिरवी दाढी आली होती. तेवढ्यात आत कुणीतरी बादली ओतली, पाइप खाकरला आणि जे बाहेर आले ते पाण्यावर पसरण्याआधीच शंभरएक मासे तोंडे वर करून त्यावर तुटून पडले. मासे चांगले पोसलेले होते. मंगळवारच्या बाजारात सरांनी ते ओळखले असते. घरी आणलेही होते.

"बघा, नावनिशाण राहत न्हाई," रामकिसनराव म्हणाले. "जल्दी काम."

सरांनी किनाऱ्याकडे नजर फिरवली. पाइप चौदा होते. मग त्यांनी डावीकडे पाहिले. नळयोजनेची जॅकवेल, जिच्यातून साऱ्या खालच्या आळीला पाणी जात असे, तिथून फार तर शंभर मीटरवर पाण्यात उभी होती. त्या दोन्हींच्या मधोमध दगडी घाट होता. तळे भरले की वरच्या आळीतल्या बायका तिथे खणानारळाने तळ्याची ओटी भरत. मागच्या वर्षीची हळद अजून एका पायरीच्या खाचेत होती.

"तुम्ही पाणी कुठलं पिता, रामकिसनराव?"

"मळ्यातल्या हिरीचं. गडी रोज गाडीवर टाकी भरून आणतो. वरच्या आळीत सगळ्यांचं तसंच." आणि मग, जणू एखादे पोर खुळ्यासारखे काही विचारून बसले आहे अशा समजुतीच्या सुरात: "तळ्याचं कोण पितं, सर?"

सर अकरा वर्षे पीत होते.

जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत त्यांचा एक जुना विद्यार्थी होता. त्याच्याकडून त्यांनी दोन बाटल्या आणल्या. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी भरून ती उबेला ठेवायची, पाण्यात मैल्यातले जंतू असतील तर ते काळे होते. एक बाटली त्यांनी घाटावरून भरली, दुसरी स्वतःच्या घरच्या नळावरून. मे महिन्यात वेगळ्या उबेची गरज नव्हती; दोन्ही कपाटावर ठेवल्या. पहिली दुसऱ्या दिवशी सकाळी काळी झाली होती. दुसरीने संध्याकाळपर्यंत वेळ घेतला.

खरी किळस त्यांना बाटल्यांची आली नाही. दर सोमवारी नळाच्या पाण्याला टीसीएल पावडरीचा उग्र वास येत असे आणि त्यावरून पाणी रोज शुद्ध होते असे त्यांनी धरून ठेवले होते. सातातल्या एका दिवसाच्या निरीक्षणावर अकरा वर्षांचा निष्कर्ष. आठवीच्या मुलाने असे लिहिले असते तर त्यांनी तांबडी रेघ ओढली असती. तीन वर्षांपूर्वी मुलीला कावीळ झाली तेव्हा शेजारच्या बाईने काविळीची माळ आणून दिली होती. सर त्या माळेवर मनसोक्त हसले होते आणि मुलीला औषधाची गोळी त्याच नळाच्या पाण्याबरोबर दिली होती.

ते पुन्हा वरच्या आळीत गेले. घर घेतो म्हणाले. अट एकच, पाइप बुजवून बोळात टाकी बांधणार.

"बोळात?" रामकिसनराव सरळ होऊन बसले. "ती ईशान्य हाय, सर! देवाची जागा. तिथं मैला साठवायचा? बोळ सामाईक हाय, भावाच्या घरालाबी दोष लागंल."

"तळं कुठल्या दिशेला आहे?"

"तळ्याचं येगळं. ते वाहतं पाणी हाय."

"तळं वाहत नसतं."

"पावसाळ्यात सांडव्यावरून नदीला जातं की!"

"आणि उरलेले नऊ महिने?"

रामकिसनरावांनी बद्रीनाथकडे पाहिले. बद्रीनाथ छताकडे पाहत होता.

"हे बघा," रामकिसनराव शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर सोज्वळ होता. सरांना सर्वांत जास्त त्याचाच वीट आला. "घाण घरात ठेवायची न्हाई, काढून द्यायची, असं आमच्यात हाय. तुमच्यात काय असंल ते असंल. बोळाला मी बिलकुल हात लावू देणार न्हाई. बाकी घर तुमचं, आत काय बी करा."

घरी आल्यावर सरांनी सत्यशीलाला दोन्ही बाटल्या दाखवल्या आणि सगळे क्रमाने सांगितले. घर सोडून द्यावे, असे म्हणून थांबले. नगरपालिकेत अर्ज करता आला असता. पण तिथला पाणीपुरवठ्याचा सभापती वरच्या आळीतला होता, आणि चौदापैकी एक पाइप त्याचा होता.

तिने दुसरी बाटली उचलली. "हे आपल्या नळाचं?"

"हो."

"ते घर सोडलं तर आपण इथंच राहणार अन् हेच पिणार."

"उकळून पिऊ."

"दार दक्षिणेला हाय म्हणून ते घर आपल्याला मिळून राह्यलं. उत्तरेचं दार आपल्याला कोण देणार हाय?" ती म्हणाली. "त्यांनी म्हणलं ना, आत काय बी करा? मंग टाकी आत करा."

"आत जागाच नाही. सगळ्या खोल्या भिंतीला भिंत आहेत. संडासाला लागून फक्त..." सर थांबले.

"खिडकीची खोली."

"ती तुझी खोली आहे, सत्यशीला."

"माझी हाय म्हणूनच सांगून राह्यले."

सरांनी हिशेब केला. तीन माणसे, डोई रोज आठ लिटर. सात बाय पाच बाय पाच फुटांची, कुठूनही न पाझरणारी बंद टाकी सहा महिने पुरेल. सहा महिन्यांनी जालन्याहून उपसागाडी आणायची आणि मैला केदारखेड्याला आपल्या भावाच्या शेतात चर खणून गाडायचा. भाऊ तयार झाला; खत त्याला हवेच होते.

खरेदीखत जूनमध्ये झाले. गवंडी धर्मराज शहाबादी फरशी उपटताना तीनदा थांबला. "सर, सैपाकघराच्या खाली?" त्याने विचारले, आणि पुन्हा विचारले, आणि मग दुपारच्या सुट्टीत चहाच्या टपरीवर जाऊन आला. साळवे घराच्या आत मैल्याची टाकी बांधतात एवढे संध्याकाळपर्यंत वरच्या आळीला कळले होते; कुठल्या खोलीत, ते नाही. दुसऱ्या दिवशी शेजारणींनी बोळातून जाताना नाकाला पदर लावला. टाकीत तेव्हा ताज्या सिमेंटखेरीज काही नव्हते. नाकाला पदर लावलेल्या त्याच बायका मागच्या बाजूला, स्वतःच्या पाइपापासून वीस पावलांवर, भांडी घासत होत्या.

"शेवटी जातीवर गेला," हे रामकिसनरावांच्या भावाने बोळात उभे राहून, सरांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटले. सर त्या वेळी गुडघाभर पाण्यात उभे राहून पाइपाच्या तोंडात विटा आणि सिमेंट बसवत होते. मासे थोडा वेळ त्यांच्या पोटऱ्यांभोवती घुटमळले. मग शेजारचा पाइप खाकरला तसे तिकडे गेले.

सप्टेंबरच्या अखेरीस तळे भरले. ओटीच्या दिवशी घाटावर बायकांची दाटी झाली आणि भर कार्यक्रमात जोराचा पाऊस कोसळला. रामकिसनराव, त्यांची बायको द्वारकाबाई आणि बद्रीनाथ आडोशाला म्हणून जवळचे दार पाहून आत शिरले. ते दार साळव्यांचे होते. तीन महिन्यांत या घरात वरच्या आळीतले कुणी आलेले नव्हते.

सत्यशीलाची धांदल सरांनी प्रथमच पाहिली. तिने खिडकीच्या खोलीत नवी चटई अंथरली, अजून न वापरलेल्या कपांतला कागद काढला, पाणी खळखळ उकळले. खोलीत आल्याचा वास होता. खिडकीतून पावसाने फुललेले तळे दिसत होते.

"लय चांगलं ठेवलंय घर," द्वारकाबाई चटईवर टेकत म्हणाल्या. "आमच्या वक्ताला इथं नुस्ती अडगळ व्हती." त्यांनी ओटीतला खोबऱ्याचा तुकडा सत्यशीलाच्या हातावर ठेवला. सत्यशीलाने तो दोन्ही हातांनी घेतला.

रामकिसनरावांनी कप ओठांपर्यंत नेला होता. "अन् ती तुमची टाकी? कुठं केली म्हणायची?"

सत्यशीलाने सरांकडे पाहिले. सरांनी तिच्याकडे पाहिले नाही.

"तुम्ही बसलात तिथेच," ते म्हणाले. "झाकण द्वारकाबाईंच्या डाव्या गुडघ्याखाली आहे."

द्वारकाबाई इतक्या चपळाईने उठतील असे त्यांच्या वयावरून वाटले नसते. बद्रीनाथने कप खाली ठेवला, मग ज्या फरशीवर ठेवला तिच्याकडे पाहिले. रामकिसनराव उपरणे नाकाशी धरून खिडकीपाशी गेले आणि गज धरून त्यांनी छाती भरून श्वास घेतला. पावसाने जोर धरला होता; भावाच्या घरचा पाइप खिडकीपासून चार हातांवर धो धो वाहत होता आणि त्यातले निम्मे वाऱ्याने गजांवर येत होते.

"इथं जरा बरी हवा हाय," ते म्हणाले.

पाऊस थांबलेला नसतानाच ते तिघे निघून गेले. तीन कप भरलेले राहिले.

"सांगायची काय गरज व्हती?" सत्यशीला म्हणाली.

"त्यांनी विचारलं."

"पुढच्या बारीला कुणी इचारलं तर?"

"सांगेन."

तिने खिडकीचे दार लोटून घेतले, गजांवरचे शिंतोडे फडक्याने पुसले आणि फडके बाहेर भिरकावून दिले. मग झाकणावर सरकलेली चटई तिने जागच्या जागी नीट केली, तिच्यावर मांडी घालून बसली आणि द्वारकाबाईंचा कप उचलला.

"निवला," एक घोट घेऊन ती म्हणाली. "साखर बराबर पडली व्हती."