चांगुणा शिवशरण आणि साथी

चांगुणाबाई शिवशरण कोण, हे सोलापुरातल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. जयंतीची, लग्नाची, बारशाची गाणी त्यांनी स्वतः लिहिली, स्वतःच चाली लावल्या आणि पस्तीस-चाळीस वर्षं गायली. आधी कॅसेटी निघाल्या, मग सीड्या, मग सगळं मोबाईलवर आलं. कव्हरवर त्यांचा फोटो असायचा आणि खाली छापलेलं असायचं, 'चांगुणा शिवशरण आणि साथी'. साथी म्हणजे मागे कोरस धरणाऱ्या तिघी बायका.

त्यांतल्या दोघी वारल्या. तिसरी भीमा, ती जेऊरला लेकीकडे राहायला गेली. चांगुणाबाईंचे यजमान केव्हाच गेले होते, मुलगा पुण्याला. घरात त्या एकट्याच. दिवसभर कुणाशी बोलणं झालं नाही की आवाज बसल्यासारखा वाटायचा, म्हणून भांडी घासताना त्या गात राहायच्या. असं गाता गाताच एक नवं गाणं झालं. बऱ्याच वर्षांनी झालं होतं. त्यांनी हात पुसले आणि रेकॉर्डिंग करणाऱ्या इंद्रजीतला फोन लावला.

इंद्रजीतचा स्टुडिओ शुक्रवार पेठेत, एका दुकानावरच्या खोलीत. त्यानं त्यांना मानानं बसवलं, पाणी दिलं, माइकसमोर खुर्ची ठेवली. पूर्वी चौघी एकाच माइकभोवती उभ्या राहायच्या. भीमाच्या हातात भरपूर बांगड्या. त्या वाजू नयेत म्हणून ती मनगटाला रुमाल गुंडाळायची आणि चांगुणाबाईंच्या पाठीवर हळूच बोटांनी ठेका धरायची. आता पाठीवर बोटं नव्हती. गाणं कुठून उचलायचं तेच त्यांना कळेना. दोनदा चुकल्या, मग जमलं.

कोरसचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं. इंद्रजीत म्हणाला, त्यात काय, तुमचाच आवाज चार वेळा घेऊ, जरा वर-खाली करून एकावर एक ठेवू, कुणाला कळायचंही नाही. त्या गायल्या. त्यानं सगळं जोडून ऐकवलं. हेडफोनमध्ये चार बायका गात होत्या. चौघी एकाच ठिकाणी श्वास घेत होत्या, एकाच ठिकाणी दमत होत्या. चांगुणाबाईंनी हेडफोन काढून ठेवला.

"हे नको," त्या म्हणाल्या. "मी माणूस घेऊन येते."

दुसऱ्या दिवशी त्या गाडीनं जेऊरला गेल्या. भीमा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. चांगुणाबाईंना बघून तिला किती आनंद झाला. चहा केला, जेवायला लावलं, थोरल्या नातीच्या लग्नाचं सगळं सांगितलं. मग चांगुणाबाईंनी गाणं म्हणून दाखवलं. भीमानं डोळे मिटून ऐकलं आणि ग्वाड झालंय म्हणाली.

"मग चल की माझ्यासंगं," चांगुणाबाई म्हणाल्या. "आवाज बसला असला तरी चालंल."

भीमानं शेंगांचं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

"आवाज हाय की," ती म्हणाली. "पर मला न्हाय यायचं आता. खरं सांगू का, चांगुणे? गाण्याचं मला कवाच काय नव्हतं. तू हाक मारायचीस, घरातनं सुटका व्हायची. चौघी मिळून जायचो, येताना भजी खायचो. मला तेवढंच आवडायचं. आता हितं लेक हाय, नातवंडं हायती. मी हितं बरी हाय."

चांगुणाबाईंना रागही येईना. इतकी वर्षं त्या धरून चालल्या होत्या की आपल्यासारखीच भीमालाही रात्री चालीनं जाग येत असेल. भीमानं पिशवीत शेंगा भरून दिल्या आणि स्टेशनपर्यंत सोडायला आली. गाडीत चांगुणाबाई मनात गाणं म्हणत होत्या. कोरसची जागा आली की थांबत होत्या.

परत आल्यावर त्यांनी इंद्रजीतला सांगितलं की कोरस नको, त्या जागी नुसती पेटी वाजू दे. गाणं मोकळं मोकळं वाटेल, असं तो म्हणाला. वाटू दे, असं त्या म्हणाल्या.

गाणं जयंतीच्या आधी निघालं. थोडंफार वाजलं. मागच्या बायका कुठं गेल्या, असं कुणीतरी मोबाईलवर गाण्याखाली लिहिलं होतं. भीमाचाही फोन आला. ऐकलं, ग्वाड झालंय, एवढंच ती म्हणाली आणि मग बराच वेळ जावयाच्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल बोलत राहिली. चांगुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर घर पुन्हा गप्प झालं.

पुढं त्यांनी आणखी दोन गाणी केली. त्यांत कोरसला जागाच ठेवली नाही. ओळीही आखूड केल्या, एकट्या माणसाला एका दमात म्हणता येतील अशा.