मुठीखालचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी जपानी तलवार आहे. लोहारा गावाजवळच्या एका घरात, ज्वारीच्या कणगीमागं खुंटीला टांगलेली असते. पाहुणा आला की घरचे मला खाली काढतात, म्यानातून वीतभर उपसतात आणि म्हणतात, "बघा, कशी लखलखतीया!" पाहुणा तोंडात बोट घालतो. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते सांगते.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. एका म्हाताऱ्या लोहारानं पोलाद तापवलं, ठोकलं, त्याची घडी घातली आणि पुन्हा ठोकलं, असं कितीतरी वेळा केलं. मग माझ्या पाठीला मातीचा जाड लेप दिला, धारेला पातळ, आणि लालबुंद असतानाच मला पाण्यात बुडवलं. त्यानं धारेलगत धुक्यासारखी एक पांढरी रेघ उमटली. कारखान्यात शेकड्यानं होणाऱ्या तलवारींना तशी रेघ येत नाही. शेवटी, जे मुठीच्या आत दडतं त्या माझ्या शेपटावर त्यानं छिन्नीनं दोन नावं कोरली. एका अंगाला स्वतःचं, दुसऱ्या अंगाला ज्या घराण्यासाठी मला घडवलं त्याचं. आमच्याकडं पातं जिवापाड जपतात, पण शेपटाला कुणी हात लावत नाही. तिथं चढलेला काळा गंज हाच आमच्या वयाचा दाखला.

त्या घराण्यात मी तीनशे वर्षं राहिले. मी काही साधुसंत नव्हते. मी माणसं कापली आहेत आणि तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही.

मग मोठी लढाई झाली, आमचे लोक हरले. मलायात एका मैदानावर त्यांच्या अधिकाऱ्यांनी आपापल्या तलवारी ठेवल्या. माझा मालक वाळून काटकी झाला होता. त्यानं मला दोन्ही हातांवर धरून इंग्रजी फौजेतल्या एका सुभेदारापुढं केलं. माझ्या मुठीवर बोट आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून तो पुन्हापुन्हा काही बोलला. मग तळहात कमरेइतका उंच धरला. घरी एवढं लेकरू आहे, असं त्याला सांगायचं होतं. सुभेदारानं मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

ते सुभेदार म्हणजे हिंमतराव. वरच्या साहेबांनी मला त्यांनाच बक्षीस दिलं. ते पेन्शन घेऊन गावी आले, दसऱ्याला मला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली. माझी चैन होती. हिंमतरावांना मात्र तो कमरेइतका हात विसरता येईना. जेवताजेवता ते थांबत आणि खुंटीकडं बघत बसत.

तेवढ्यात बातमी आली. सरकारदप्तरी ज्याला उस्मानाबाद म्हणत त्या धाराशिवला, एका वकिलाकडं, हैदराबादचे जाफरसाहेब येणार होते. जुन्या हत्यारांचे ते पारखी. ते मुठीखालच्या नावाचा कागदावर शाईनं ठसा घेत आणि तो कलकत्त्याच्या एका जाणकाराकडं वाचायला पाठवत. हिंमतरावांना किंमत करायची नव्हती. नाव कळलं की घर शोधायचं आणि मला त्या लेकराकडं पाठवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पारख्यासमोर न्यायचं म्हणून त्यांनी मला लोहाऱ्यात हत्यारांना धार लावणाऱ्या जैनोद्दीन शिकलगारांकडं दिलं. "चाचा, जरा तेलपाणी करा."

"बेफिकीर ऱ्हावा, सुभेदारसाब," म्हातारबा म्हणाले. "चाळीस वर्सांत गंजासगट लोखंड माझ्या उंबऱ्याभाईर गेलं न्हाय."

विळे, कुऱ्हाडी, अडकित्ते, सगळ्यांना त्यांचा हाच कायदा. त्यांनी मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली, मूठ उतरवली आणि काळं शेपूट बघून त्यांना माझी दयाच आली. त्यांची बायको बिबीजान वाकून म्हणाली, "अजी, कुछ लिखेला दिस्ता."

"लिखेला कुछ नै. जंग खाया सो हय." त्यांच्या लेखी तो नुसता गंज.

आधी चिंच आणि विटकरीची पूड, मग कानस, मग साण. दिवस मावळेपर्यंत चाचा राबत होते, तेही कसं, आजारी लेकराला न्हाऊ घालावं तसं. आणि मी? खरं सांगते मित्रांनो, मला बरं वाटत होतं! अंगभर चकाकी येत होती. न विचारता मी आजवर कितीतरी बोटं कापली होती. त्या दिवशी एक निसटता वार केला असता तर चाचांचा हात थांबला असता. मी गप्प पडून राहिले. त्या अपराधात माझा अर्धा वाटा आहे.

धाराशिवला वकिलांच्या ओसरीवर ही गर्दी. आपल्या हाताच्या कामाची तारीफ ऐकायला जैनोद्दीनचाचाही आले होते. जाफरसाहेबांनी आधी माझा बाक पाहिला, मग मला उजेडाकडं तिरपं धरून ती पांढरी रेघ टोकापर्यंत न्याहाळली. "वाह! असली हाथ का काम हय," ते म्हणाले. हिंमतरावांचा चेहरा उजळला. साहेबांनी कागद आणि शाई काढली, मूठ उतरवली, आणि त्यांचा हात तसाच राहिला.

"ये जंग किसने निकाला?"

त्यांनी कागद परत घडी करून ठेवला. साहेब म्हणाले, "खोटं नाव लपवायला विकणारे असंच घासतात. वय गेलं, नाव गेलं. आता मी काय लिहून देऊ?"

वकील हिंमतरावांकडं चोराकडं बघावं तसं बघू लागले. चाचा खांबाआड सरकले. हिंमतरावांनी एकदाच त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "म्याच घासलं, साहेब. अडाणी मानूस हाय."

तिसऱ्या दिवशी चाचा आमच्या दारात आले. उंबऱ्याबाहेरच खाली बसले.

"सुभेदारसाब, माजा गुन्हा तुमी डोईवर घेतला. शुक्रवारी मशिदीफुडं समद्यास्नी सांगतो, घासनारा म्या व्हतो."

"चाचा, गंज काढनं तुमचं कामच हाय," हिंमतराव म्हणाले. "त्या जपानी मानसानं मला त्याचं नाव तोंडानं सांगितलं व्हतं. छातीवर हात ठिवून, तीनदा. म्या ऐकलंच न्हाय. जितल्याल्याला हरल्याल्याचं नाव कशाला पायजे? नाव तुमी न्हाय पुसलं. म्याच पुसलं."

शुक्रवारी चाचांनी खरंच सांगितलं. त्यानंतर खुरपं आलं तरी ते विचारत, "काढू का ठिवू?" लोक हसायचे. चाचा हसत नसत.

हिंमतरावांनी पुढं दोनतीन पत्रं धाडली. नावाशिवाय पत्र जाणार कुठं?

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर ती चकचकीत करायची घाई करू नका. आणि कुणी आपलं नाव सांगत असेल तर ते नीट ऐका, तो हरलेला असला तरी. वस्तूंचं बोलणं मोठ्यांना ऐकू येत नाही, म्हणून मला त्या दोघांना सांगता आलं नाही. तुम्ही लहान आहात, म्हणून तुम्हाला सांगते. त्या घराण्याचं नाव होसोया. तेवढं लक्षात ठेवा.