हिवराळ्यांचं येसर

"हे काय आणलं, गोजरबाई?" काकासाहेबांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. "माल तोच ना?"

"तोच की शेठ. परवाच कांडलाय. वास घ्या."

वास काय घ्यायचा! अठरा वर्षं गुलमंडीजवळच्या या दुकानात दर बुधवारी आमटीच्या मसाल्याची तीच पिशवी यायची आणि तोच वास यायचा. काकासाहेब पाहत होते ते लेबल. आजवर पाकिटावर 'घरगुती येसर' एवढंच असायचं. कुणाच्या घरचं ते कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. आज मात्र पिवळ्या कागदावर पदर घेतलेल्या गोजरबाईंचा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत 'गोजरबाई रामकिसन हिवराळे, पडेगाव'.

ही सुनेची, निशाची करामत. बचतगटातर्फे ती तीन दिवसांच्या शिबिराला गेली होती. घरगुती खाण्याचा धंदा कशानं चालतो, ते तिथं शिकवलं. चव एकसारखी ठेवा, भांडी स्वच्छ ठेवा, घरच्यांनी कामं वाटून घ्या. निशाला ऐकताना हसूच आलं म्हणे, कारण आत्याबाई हे सगळं न शिकताच करत आल्या होत्या. पण शेवटी मॅडम म्हणाल्या, "गिऱ्हाईक माणूस बघून घेतं. नाव लावा, चेहरा लावा." तेवढं मात्र या घरात राहून गेलं होतं.

राहून गेलं म्हणजे, एकदा करून पाहिलं होतं. धंदा सुरू केला त्या वर्षी रामकिसननी मोठ्या हौसेनं लेबलं छापून आणली, आडनावासकट. लासूर स्टेशनच्या एका लग्नघरातून चाळीस पाकिटांची ऑर्डर आली. लग्नात येसराची आमटी नसली तर पंगत कसली! पोतं पोचलं, आणि हळदीच्या दिवशी जसंच्या तसं दारात परत आलं. "घरातली म्हातारी माणसं खात नायत, समजून घ्या," एवढाच निरोप. आडनाव कळलं की जात कळते, आणि जात कळली की न खाल्लेल्या आमटीचीही चव बिघडते. हे ज्ञान आपल्याकडं कुठल्या शिबिरात शिकवावं लागत नाही.

दोघं नवरा-बायको दिवसभर बसून चाळीस पाकिटांची लेबलं नखानं खरवडत राहिले. गोजरबाईंच्या उजव्या अंगठ्याचं नख मुळापासून उचकटलं, ते पुन्हा सरळ आलंच नाही. तरी तो माल खपला नाही, घरीच खाऊन संपवला. पुढं काकासाहेब भेटले. "नाव टाकू नका, खपवायचं माझ्याकडं लागलं," म्हणाले, आणि शब्दाला जागले. त्यावर घर उभं राहिलं, मुलगा सम्यक शिकला. रामकिसन मागल्या साली गेले. दवाखान्यात पडल्या पडल्या एकदाच म्हणाले, "गोजरे, आपलं नाव आपल्या हातानं खरवडायला नव्हतं पायजे."

म्हणून निशानं लेबल दाखवलं, तेव्हा गोजरबाईंनी नाही म्हटलं नाही.

"माझं काय नाय," काकासाहेब आवाज खाली आणून म्हणाले. "माझ्या घरी तुमचंच येसर शिजतं. पण दुकान हाय हे, चार तऱ्हेची माणसं येतात. जुन्या पाकिटात भरून आणा, आजच्या आज ठेवतो."

"ठेवून तर बघा, शेठ. एक बुधवार."

तेवढ्यात यमुनाबाई पायरी चढून आल्या. दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. "काकासाहेब, येसर द्या हो. मिहिर पुण्याला निघालाय, आजीच्या आमटीशिवाय त्याला जेवण जात नाही."

काकासाहेबांनी एकवार गोजरबाईंकडं पाहिलं आणि, त्यांचंही खरं म्हणायला हवं, नवं पाकीटच पुढं केलं. यमुनाबाईंनी चष्मा सारखा करून नाव वाचलं. फोटो पाहिला. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या बाईकडं काही पाहिलं नाही.

"हे नको. आपलं नेहमीचं द्या."

फळीवर जुनं पाकीट एकच उरलं होतं. ते त्यांनी नाकाशी धरलं. "हां, असं पाहिजे! चव हाताला असते हो, नुसत्या मसाल्याला नसते."

गप्प राहिलं असतं तर भागलं असतं. अठरा वर्षं भागलंच होतं. पण दवाखान्यातला तो आवाज कानात उभा राहिला.

"बाई," त्या म्हणाल्या, "ते बी माझंच हाय. तो हात ह्योच."

यमुनाबाई थबकल्या. हातातल्या पाकिटाकडं पाहिलं, पहिल्यांदाच गोजरबाईंच्या तोंडाकडं पाहिलं. चेहरा गोरामोरा झाला. मग त्यांनी पाकीट हळूच काउंटरवर ठेवलं. "राहू द्या. पुढच्या वेळी बघू," असं पुटपुटत त्या पायरी उतरून गेल्या.

"बोलायची काय गरज होती?" काकासाहेब वैतागले. "हातचं गिऱ्हाईक घालवलं की हो!"

"व्हय शेठ. तुमचं नुकसान झालं." गोजरबाईंनी पिशवी उचलली, काउंटरवरचं ते पाकीटही आत टाकलं. "तुमचे उपकार लई हायत, ते नाय इसरणार. पण जुन्या पाकिटात आता नाय भरायची मी."

पडेगावपर्यंत रिक्षात त्या डोळ्याला पदर लावून बसल्या. रडू कशाचं, ते त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. धंद्याचा निम्मा माल त्या एका दुकानात जात होता.

भरलेली पिशवी पाहून निशाला विचारावं लागलं नाही. ती मटकन खाली बसली. "माझंच चुकलं, आत्याबाई. उगं नसतं डोक्यात घेतलं." आणि पहिलंच पाकीट घेऊन लेबलाचा कोपरा नखानं उचकू लागली.

"निशा!" गोजरबाई इतक्या मोठ्यानं कधी ओरडल्या नव्हत्या. "हात काढ. ह्या घरात ते काम एकदा झालंय."

निशानं हात काढला. "मग इकायचं कुठं?"

"वेरूळच्या रस्त्याला टेबल टाकू. नाय खपलं तर आपण खाऊ. गेल्या वेळी बी आपणच खाल्लं होतं."

मग त्यांनी पिशवीतून यमुनाबाईंनी ठेवलेलं पाकीट काढलं. एक पिवळं लेबल घेतलं, बोटानं खळ लावली आणि 'घरगुती येसर'च्या खाली नीट सरळ चिकटवलं. एक कोपरा पुन्हा पुन्हा वर येत होता. त्या वाकड्या नखाच्या अंगठ्यानं तो दाबून धरून बसल्या, खळ वाळेपर्यंत.