नव्या रेकॉर्डची खरखर

नव्या कोऱ्या रेकॉर्डवर सुईवाल्यांनी लोकरीचा मफलर दहा-बारा वेळा जोरात घासला आणि सतरंजी झटकून तिच्या धुळीत ती रेकॉर्ड धरली. धूळ बोलावल्यासारखी येऊन चिकटली. रेकॉर्ड लावून पाहिली, तर सुई टेकताच भरघोस खरखर. त्यांनी समाधानाने मान हलवली. गुरुवारची सोय झाली होती.

रेडिओ केंद्राच्या रेकॉर्ड-संग्रहात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. खरखरीची त्यांना एवढी चीड, की सहकाऱ्यांनी त्यांचं नावच सुईवाले पाडलं. रेकॉर्डी जपता जपता लग्न मात्र राहून गेलं. निवृत्तीनंतर मित्र पांगले, थोरला भाऊ वारला, आणि आता दूधवाल्याच्या ‘किती देऊ?’ पलीकडे आठवडाभर कुणी काही विचारत नसे. जन्मभर धूळ पुसलेल्या माणसाने आता ती लावत बसायचं, याची त्यांना लाज वाटे. पण एकटेपण लाजेलाही पुरून उरतं.

सुरुवात खरी होती. दीड महिन्यापूर्वी घेतलेली रेकॉर्ड खरोखरच खरखरत होती, कारण नव्या पाकिटातही कागदाचा भुगा असतो. ते रेकॉर्डच्या दुकानात सहज सांगायला गेले, तर दुकानवालीने त्यांना स्टुलावर बसवलं, रेकॉर्ड स्वतः साफ केली आणि तासभर गप्पा मारल्या. मामा गेल्यावर दुकान तिच्याकडे आलं होतं. त्याआधी ती कापडाच्या दुकानात होती. तेव्हापासून ताकाला जाऊन भांडं लपवावं, तसं त्यांचं दर गुरुवारी चाललं होतं.

“आलात काका? पुन्हा खरखर?”

“पुन्हा. नवी आहे हो, पण काय करणार.”

“कंपन्यांना काही लाजच नाही! बसा.”

तिने बाटलीतलं पाणी शिंपडलं. गेले पाच गुरुवार ती ब्रश आतून बाहेर, खाचांना आडवा ओढत होती आणि सुईवाले दात आवळून ‘वा’ म्हणत होते. आज तिचा नेहमीचा ब्रश सापडेना म्हणून तिने काउंटर पुसायचा फडका उचलला. त्याच्या शिवणीला वाळूचे कण चिकटलेले त्यांना बसल्या जागेवरून दिसले. धूळ निघते, पण चरा कायमचा राहतो.

“थांब!” ते उठलेच. “अगं, असं नाही करत!”

फडका त्यांनी तिच्या हातातून काढून घेतला. खिशातला धुवट रुमाल पाण्यात भिजवून पिळला, मधलं लेबल तळहाताने झाकलं आणि खाचेच्या वळणाने हात फिरवत नेला. न थांबता, न दाबता. मग रेकॉर्ड उभी करून ठेवली.

“ओली असताना पाकिटात घालायची नाही,” ते म्हणाले, आणि आपण काय करून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं.

दुकानवाली हसायला लागली. “काका, तुम्हाला तर सगळं येतं की!”

“थोडंफार.”

“मग उगाच उन्हातान्हात एवढी पायपीट कशाला? हे घ्या.” तिने काउंटरखालून विक्रीचा नवा ब्रश आणि पाण्याची बाटली काढून त्यांच्या पिशवीत घातली. “माझ्याकडून. आता घरच्या घरी करा. मलाच काही अडलं तर मी येईन तुमच्याकडे.”

ती अगदी मनापासून बोलली होती. सुईवाले पिशवी धरून थोडे रेंगाळले. तेवढ्यात एक बाई लहान मुलांची गाणी मागायला आल्या आणि दुकानवाली शिडीवर चढली.

ते बाहेर पडले. चौकापर्यंत गेले, दिवा हिरवा झाला, माणसं रस्ता ओलांडून गेली. ते तिथेच उभे राहिले. या वयात हे शोभत नाही, असं त्यांनी स्वतःला दोनदा बजावलं आणि मागे फिरले.

दुकानवाली अजून शिडीवरच होती.

“काही विसरलात का, काका?”

“तू येईन म्हणालीस,” ते म्हणाले. “पोस्टामागची पिवळी इमारत. दुसरा मजला, डावीकडचं दार. घंटा बिघडलीय, जरा जोरात ठोठाव. मी घरीच असतो.”